काठ घासायचा नाही

बशीताईंना चिनी मातीबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. जो जातो तो स्वतःच चार गोष्टी शिकून येतो, वर ओरडा खाऊन येतो. एका जुन्या, मोठ्या हॉटेलच्या भांडीघरात बाईंची छत्तीस वर्षं गेली होती. मॅनेजर आले नि गेले, आचारी बदलले, पडदे तर किती वेळा बदलले याला गणती नाही. पण कपाटाच्या किल्ल्या बशीताईंच्या कमरेला होत्या त्या होत्याच. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

त्यांचे नियम सगळ्या भांडीघराला पाठ होते. कपात कप रचायचा नाही. गरम पाण्यातून काढलेली बशी थंड ओट्यावर ठेवायची नाही. नवा कप आला की नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर आपला, बद्द वाजला तर परत. आणि सगळ्यांत मोठा नियम सोनेरी काठाच्या कपबशांचा. मध्यभाग मऊ स्पंजानं पुसायचा, पण काठाला घासणी लावायची नाही. काठ नुसता पाण्याखाली धरायचा आणि फडक्यानं टिपायचा. एकदा एका नव्या मुलीनं हौसेनं बारा कप असे काही घासले की सोनं पार धुऊन निघालं. ताई तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून शिकवलं, हेही सांगायला हवं.

याच भांडीघरात, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, लाकडी खोक्याचं झाकण उचकटताना ते उसळून त्यांच्या तोंडावर बसलं होतं. पुढचे दोन दात निम्मे उडाले. शेजारचे पुढे पुढे काळवंडत गेले. तेव्हापासून हसू आलं की उजवा तळवा आपोआप तोंडावर जायचा. घरातल्या कुठल्याही फोटोत बघा, सगळे हसताहेत आणि बशीताईंना मात्र जणू शिंक येते आहे.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तीच अखेर हट्टाला पेटली. "आई, दुसऱ्यांच्या कपबशा आयुष्यभर चमकवल्यास. आता स्वतःच्या तोंडाकडे बघ." ताईंनी 'या वयात काय मेलं ते' म्हणून पाहिलं, पण लेक त्यांच्याच पोटची, ती कसली ऐकते! चार महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या वरच्या सहा दातांना व्हेनिअर बसवले. म्हणजे दात पुढून किंचित घासून त्यावर चिनी मातीचे, नखाएवढे पातळ पापुद्रे चिकटवले. ताईंनी आरशात एकेक दात मोजून बघितला. सहाही दात एका खणातल्या कपबशांसारखे दिसत होते, एकही उणा नाही.

डॉक्टरीणबाईंनी काळजी कशी घ्यायची त्याचा छापील कागद दिला. ताईंनी त्याची चौघडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली. चिनी मातीची काळजी आता आम्हांला कागदावरून शिकायची का?

मग त्यांनी आपले नियम लागू केले. चहा निवल्याशिवाय घ्यायचा नाही आणि त्यावर तासभर थंड पाणी नाही. सफरचंद पत्त्याइतकं पातळ चिरायचं आणि बाजूच्या दातांनी खायचं. लहान मुलांचा मऊ ब्रश आणला, तो दातांच्या फक्त मध्यभागावरून फिरवायचा. हिरडीजवळ, जिथे पापुद्रा सुरू होतो, तिथे अजिबात नाही, कारण काठ म्हणजे काठ. आणि बोलायचं ते बेतानं. वरचे दात खालच्यांवर आपटून टवका उडाला तर? म्हणून ओठांची नुसती फट ठेवून त्यातून शब्द सोडायचे. हसायचं झालं तर नाकातून. भांडीघरातल्या मुली म्हणायला लागल्या की ताईंनी नवे दात केले म्हणे, पण अजून कुणाला दर्शन झालेलं नाही.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण घरी एक माणूस होता, ज्याचं सगळं जग त्या तोंडावर चालत होतं.

ताईंचे यजमान. सारी गल्ली त्यांना छापखानेवाले म्हणायची. चाळीस वर्षं छपाईच्या मशीनशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून बायकोपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो अशी त्यांची तक्रार, त्यामुळे ते खणात पडून असायचं. त्यांनी दुसरी वाट काढली होती. ते ओठ वाचायचे. सगळ्यांचे नाही, डॉक्टरांचे थोडे, लेकीचे बऱ्यापैकी, आणि बायकोचे छापील अक्षरासारखे स्वच्छ. सुरुवातीला ताई सवयीनं तोंडावर हात न्यायच्या, तेव्हा ते मनगट धरून हात खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "वाचू दे की." तुटके दात, काळे दात, यावर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. अवघ्या जगात ताई फक्त त्यांच्यासमोर तोंड भरून बोलायच्या आणि तोंड भरून हसायच्या. हॉटेलातला दिवस संध्याकाळी घरी दुसऱ्यांदा घडायचा, अगदी नकलांसकट.

गंमत बघा, की तुटक्या दातांनी जे घर बोलतं होतं, ते मोत्यांसारख्या दातांनी मुकं झालं. ताईंना हे कळायला चार महिने लागले. आपण मात्र त्यांना नावं ठेवायला नकोत, कारण आपल्या घरात काय मुकं झालंय हे आपल्यालाही शेवटीच कळतं.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. हॉटेलात दुपारच्या जेवणाची भांडी धुवायला आली आणि एका कपात, चुरगळलेल्या कागदी रुमालाखाली, दातांची कवळी निघाली. मुली किंचाळल्या. ताईंनी शांतपणे ती बशीत ठेवली, वर घडीचा रुमाल टाकला आणि बशी घेऊन जेवणाच्या दालनात गेल्या. प्रत्येक टेबलाशी वाकून हळूच विचारलं, "आपली काही वस्तू राहिली आहे का?" तीन टेबलांवरच्या तीन भारदस्त गृहस्थांचे हात एकाच वेळी स्वतःच्या तोंडाकडे गेले. चौथे एक आजोबा कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. त्यांनी शाळेतल्यासारखं एक बोट वर केलं.

त्या दिवशी भांडीघर संध्याकाळपर्यंत हसत होतं. ताई कधी एकदा घरी जाऊन सांगते असं करत आल्या. चहाला बसल्यावर सगळी हकीकत सांगितली, ओठांच्या फटीतून, हात मांडीवर ठेवून. छापखानेवाले त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. संपल्यावर म्हणाले, "हं. बरं झालं."

ताईंचा चेहरा पडला. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या मनात म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. नवऱ्याला आता आपल्यात गोडी राहिली नाही, असंच त्यांनी धरून टाकलं. त्यानंतर हॉटेलातल्या गोष्टी घरी यायच्या बंद झाल्या.

लेकीला फोनवर म्हणाल्या, "तुझ्या बाबांचे कान पार गेले बघ आता."

"काय? आई, जरा तोंड उघडून बोल ना! मलाही काही कळत नाहीये."

"तुम्ही बापलेक सारखेच," म्हणून ताईंनी फोन ठेवला.

आणि मग एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर एक वही दिसली. छापखान्यातून आणलेल्या उरल्यासुरल्या कागदांची, जाड दोऱ्यानं स्वतः शिवलेली, कडा नीट कापलेली. दोऱ्याला एक पेन्सिल बांधली होती. छापखानेवाले वहीवर हात ठेवून उभे होते.

"तुझी काही चूक नाही गं," ते म्हणाले. "माझे डोळेच अधू झाले असतील. तुझ्या ओठांवरचं आता काही लागत नाही. प्रयत्न करून बघितला. यात लिहीत जा."

ताई मान हलवून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. नळ कशाला सोडला कोण जाणे. ऐकणारं कुणीच नव्हतं.

आठवड्याभरात वहीत एवढं लिहून झालं होतं: दूध संपलं. जेवायला या. लेकीचा फोन आला होता, बरी आहे. छत्री घेऊन जा. कुठल्याही पानावर हसण्याजोगं काही नव्हतं. तीस-बत्तीस वर्षांचा संसार आणि तो असा वाण्याच्या यादीवर आला होता. आता हे असंच चालणार की काय, असं ताईंना वाटायचं. पण त्याचं कारण आपल्याच ओठांवर आहे, हे काही त्यांच्या ध्यानात येईना.

दातांची चार महिन्यांची तपासणी आली. छापखानेवाले बरोबर निघाले आणि दवाखान्यात खुर्चीपासून दोन हातांवरच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. ताई मनातून खुशीत होत्या. निदान इथे तरी शाबासकी मिळणार.

"काकू, मोठा आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं लेकीएवढ्याच होत्या.

ताईंनी दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडलं.

"आणखी."

"एवढं पुरे नाही का?"

"काकू, मी आत शिरणार नाहीये, पण हा छोटा आरसा तरी शिरू दे."

आरसा शिरला. डॉक्टरीणबाईंनी तो एकेका दातामागून फिरवला. बारीक सळईनं एका हिरडीला नुसता स्पर्श केला, तर लगेच लाल ठिपका उमटला.

"काकू, तुम्ही इथे ब्रश करता ना?"

"छे!" ताई अभिमानानं म्हणाल्या. "मधेच फिरवते. काठाला एकदाही लावला नाही. सोनेरी काठाला घासणी लागली की सोनं जातं. छत्तीस वर्षं हेच काम करते मी."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क काढला आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, ब्रश अगदी बरोबर आणलात. जागा मात्र नेमकी उलटी धरलीत. चिनी मातीला कीड लागत नाही. कीड लागते तिच्या मागे जो तुमचा स्वतःचा दात आहे, त्याला. आणि ती शिरते काठावरून, हिरडी आणि पापुद्रा जिथे भेटतात तिथून. जो मध्यभाग तुम्ही रोज जपता त्याला काही होणारच नव्हतं. आणि जिथे व्हायचं ती जागा चार महिने तशीच सोडलीत. हिरड्या सुजल्यात. असंच चालू राहिलं तर मागचा दात किडेल, आणि मग पापुद्रा कितीही सुंदर असला तरी तो धरणार कशाला?"

ताईंना बारा कप घासणारी ती मुलगी आठवली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते आता आपल्या चेहऱ्यावर असणार, हे त्यांना आरशाशिवाय कळलं.

"म्हणजे काठ घासायचा?"

"काठच घासायचा. हळू, गोल गोल, रोज दोनदा. दातांच्या फटीतून दोरा फिरवायचा. पेस्ट खरखरीत नको. चार-सहा दिवस थोडं रक्त येईल, घाबरू नका, हिरड्या शांत होतील. वेळेवर आलात."

ताई जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "टिचकी मारून बघता का एकदा?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांनी आरशाचा दांडा उलटा धरून सहाही दातांवर एकेक टिचकी मारली. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना तो आवाज कानातून नव्हे, कवटीतून ऐकू आला. एकही दात बद्द वाजला नाही.

"मग बोलताना आपटून टवका नाही उडणार?"

"कप हातातून पडला तर फुटतो. पण भिंतीला पक्की बसवलेली फरशी बोलण्यानं फुटते का? नखं कुरतडू नका, बर्फ चावू नका, पाकिटं दातांनी फाडू नका. बोलायला आणि हसायला कुठली बंदी? त्यासाठीच तर बसवले आपण! सगळं लिहून दिलं होतं की कागदावर."

"कागद आहे माझ्याकडे."

"वाचलात?"

ताईंनी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं.

डॉक्टरीणबाई पुन्हा आत डोकावल्या आणि खालच्या दातांपाशी थांबल्या. "काकू, झोपेत दात खाता का? इथे घासल्याची खूण दिसते आहे."

"झोपेतलं मला काय ठाऊक!"

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्टुलाकडे वळून, मास्क नसल्यामुळे स्पष्ट दिसणाऱ्या ओठांनी तोच प्रश्न विचारला. काका, काकू झोपेत दात खातात का?

छापखानेवाल्यांनी पिशवी खाली ठेवली. "आवाज मला येत नाही," ते म्हणाले. "पण पलंग एकच आहे. लाकडातून कळतं. मशीनचा पट्टा ढिला झाला की मला आधी पायाला कळायचं, तसं. खाते ती दात. चार महिने झाले. त्याआधी कधी नाही." मग ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. "मला वाटलं, दिवसभर माझ्याशी बोलायचं टाळते, तो राग झोपेत निघत असेल. बहिऱ्या माणसाबरोबर राहून कंटाळली असेल. तिला तरी काय दोष द्यायचा?"

डॉक्टरीणबाईंनी एकदम काहीतरी लिहायला घेतलं.

ताईंच्या डोक्यात सगळं भराभर जागेवर बसत गेलं. ते 'बरं झालं'. ती वही. तो दोऱ्याला बांधलेला पेन्सिलीचा तुकडा. चार महिने हा माणूस आपलं काय चुकलं हे शोधत होता, आणि आपण त्याच्यासमोर कपाट बंद करून किल्ली कमरेला लावली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, नवऱ्याकडे वळल्या आणि तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं, डॉक्टरीणबाईंनासुद्धा मिळालं नव्हतं एवढं.

"अहो, राग कसला! मला भीती वाटत होती. फुटतील म्हणून."

छापखानेवाले बघत राहिले. मग सावकाश, एखादं खूप दिवसांनी सापडलेलं पान वाचावं तसं, म्हणाले, "दात फुटतील म्हणून?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच!"

"अगं, मग सांगायचं नाही का!"

"सांगतच होते की," ताई म्हणाल्या आणि आपणच काय बोललो ते कळून त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं.

झोपताना दातांवर घालायची पारदर्शक पट्टी बनवायला माप देऊन दोघं बाहेर पडली. रस्त्यावर ताईंनी पर्समधून तो कागद काढला आणि चालता चालता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पहिलीच ओळ हिरडीलगत ब्रश कसा करायचा याची होती. "छापलाय मात्र छान," छापखानेवाले वाकून बघत म्हणाले. "शाई जरा फिकी."

घरी आल्यावर ताईंनी आधी बेसिनशी उभं राहून काठ घासले. थोडं रक्त आलं, त्या थांबल्या, पुन्हा घासलं, चूळ भरली. सहाच्या सहा दात जागेवर होते. मग चहा टाकला. घरातला ठेवणीतला कपबशांचा सेट काढावा असं मनात येऊन गेलं, पण तो त्यांनी काढला नाही. माणूस एका दिवसात बदलून बदलून किती बदलणार?

टेबलावर वही होती. ताईंनी ती बाजूला सरकवली, तिच्यावर साखरेचा डबा ठेवला आणि समोर बसल्या.

"अहो, हॉटेलात कवळी सापडली होती, ते सांगितलं होतं मी तुम्हांला."

"कवळी?" छापखानेवाले पुढे सरकले. "कधी?"

मग ताईंनी सांगितलं. कप दाखवला, रुमाल दाखवला, किंचाळलेल्या मुली दाखवल्या. बशी हातावर धरून त्या खरोखरच उठल्या आणि स्वयंपाकघरभर फिरल्या, कपाटाशी वाकून विचारलं, खुर्चीशी वाकून विचारलं. तिघा भारदस्त गृहस्थांचे तीन हात त्यांनी दोनच हातांत करून दाखवले. आणि शेवटी खाली मान घालून, ओठ आत ओढून, आजोबांचं ते एक बोट वर केलं.

छापखानेवाल्यांचा चहा नाकात गेला. ते टेबलावर हात आपटून हसायला लागले, खोकायला लागले, पुन्हा हसायला लागले. त्यांना असं हसताना बघून ताईही सुटल्या. तळवा मांडीवरच राहिला. सहाही दात, वरचा-खालचा काठ, हिरड्यांसकट सगळं उघड्यावर आलं आणि कशाचाही टवका उडाला नाही.

हसू जरा ओसरल्यावर छापखानेवाल्यांनी डोळे पुसले, चष्मा सदऱ्याला घासून पुन्हा घातला आणि खुर्ची ओढून अगदी समोर घेतली.

"पुन्हा सांग."

ताईंचं हसू थांबलं. "का हो? कळलं नाही?"

"सगळं कळलं," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर. म्हणून तर म्हणतो, पुन्हा सांग."